हेडला चीर

वाझाने डिपस्टिक माझ्यापुढे धरली.
तेल कसलं, दूध घातलेली कॉफी.
"हेडला चीर गेलीय, नाझिब्रोला.
रुस्तावीच्या बाजारात जुनं जपानी इंजिन मिळेल,
पण तेवढ्यात दुसरी गाडीच येईल,
हिच्याहून दहा वर्षांनी धाकटी."

सप्टेंबर उतरणीला लागलाय.
वर ओमालोत माझं चीज
मेंढीच्या कातड्यात भरून पडलंय,
आणि आबानोची खिंड कुणाच्या इंजिनासाठी थांबत नाही.

हिशेब मांडायला बसले तर भलताच लागला:
गिअरबॉक्स तेलावीच्या भंगारातला,
डावं दार कुण्या पांढऱ्या गाडीचं, अजून पांढरंच,
सीटा शाळेच्या बसमधल्या, खाली च्युइंगम चिकटलेलं.
मूळची म्हणावी अशी एकच वस्तू उरली होती.
तीच गेली.

मग वाचवतेय तरी काय मी?

स्टिअरिंग उजवीकडे आहे हिचं.
चढताना दरी उजवीकडे असते;
खिडकीतून मान काढली की
काठ आणि चाक यांच्यात किती बोटं उरलीत
ते मोजता येतं.
डाव्या स्टिअरिंगवाल्यांना ते देवावर सोपवावं लागतं.

"आधी पत्रा बघ," मी म्हटलं.
त्याने खाली सरकून स्क्रूड्रायव्हर टोचला.
दोन ठिकाणी आरपार. तिसऱ्या ठिकाणी ठणकन वाजला.
"कुठे वाजला?"
"तुझ्या सीटखाली."

पाकिटाला हात लावला नाही अजून.
एवढंच विचारलं,
रुस्तावीहून यायला किती दिवस लागतात.