काळ्या दगडावर

एकशे एकोणसत्तर झ्लोटींचं एक,
सहाशे चाळीसचं दुसरं.
दुसऱ्याची रेघ हिरवी, भर उन्हात दिसणारी,
सोबत तिवई, चष्मा,
आणि आतून मखमल लावलेली पेटी, जणू अंगठीच मिळणार आहे.
पहिल्याला नुसती पिशवी.
बॅटऱ्यासुद्धा वेगळ्या घ्यायच्या.

दुकानातला कॉर्नेल म्हणाला, बाई, हिरवीच घ्या.
मी म्हटलं, आमचं स्वयंपाकघर उत्तरेला.
ऊन तिथे शेजाऱ्यासारखं डोकावतं,
बूट न काढता जातं.
लाल चालेल मला.
पण खोटं बोलत नाही ना, तेवढं बघू दे.

मग रंगाच्या डब्यांपलीकडच्या भिंतीवर
रेघ पाडली, तिच्या डाव्या टोकाला पेन्सिलीची खूण.
यंत्र जागच्या जागी फिरवून
उजवं टोक त्याच खुणेवर आणलं.
पहिला नग शितभर चुकला.
सगळे सारखेच असतात हो, कॉर्नेल म्हणाला.
सारखे नसतात.
आम्ही चौघी बहिणी एकाच घरातल्या,
विचार कुणालाही.
तिसरा नग चुकला तो खसखशीच्या दाण्याएवढा.
तेवढं मला परवडतं.
नाताळात वाडगाभर खातो आम्ही.

बितोमच्या या टोकाला घरं कलतात.
आमचं सत्त्याऐंशीपासून.
दार उघडं ठेवायचं तर त्याला खुर्ची लावायची,
अंडं ओट्यावर ठेवलं की ते खिडकीकडे निघालंच.
बाबांनी पलंगाच्या दोन पायांखाली चकत्या ठोकल्या,
कपाटाखाली, शिलाईमशीनखाली,
आणि घर ठीक आहे म्हणाले.
त्यांचं म्हणणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.
तो दगड आम्हीच उपसला आणि जाळला, ते वेगळं.
खरं बोलायचं ते फक्त सूप:
ताटलीच्या एका काठाला टेकलेलं,
दुसऱ्या काठाची निळी फुलं कोरडी.

स्टुलावर दोन जाड पुस्तकं, त्यावर यंत्र.
रेघ थरथरली, हेलकावली,
मग अशी थांबली
की मीच श्वास रोखला.
डावीकडे टाइलींच्या सांध्याला चिकटलेली,
उजवीकडे त्याच सांध्याच्या बरीच वर.

बाबा आले. चष्मा शोधला नाही.
सांधा आणि रेघ यांच्यामध्ये बोटं आडवी धरली,
त्यातल्या मधल्या बोटाला नख नाही.
तीन, म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही.
नळ ठिबकत होता, तोही भिंत धरून.

मग भिंतीकडेच तोंड करून:
शिफ्ट आमचीच होती.
नकाशात वरचं सगळं दाखवलेलं असायचं,
चर्च, बेकरी, आपली गल्ली.
मी पाहिला होता नकाशा.
टनामागे बोनस होता, अलोइझ कशाला नको म्हणेल?
या टाइली त्याच पैशांच्या.

मी टेप उघडला, बंद केला.
विचारलं, कपाटं रेघेनं लावू की टाइलींनी?
रेघेनं लावलीस तर वाकडी दिसतील.
टाइलींनी लावली तर काचेच्या बरण्या सरकतील.
हं, म्हणाले.
आईच्या बरण्या, तळाला अजून तिच्या अक्षरातली
मनुकांच्या मुरंब्याची चिठ्ठी.

त्यांनी दिवा मालवला, नीट दिसावी म्हणून.
अंधारात ती भिंतीवरून निघाली,
त्यांच्या स्वेटरवर चढली,
बटणांच्या पट्टीशी जराशी मोडल्यासारखी झाली
आणि पलीकडे पुन्हा टाइलींवर उतरली,
त्याच उंचीवर.
ते हलले नाहीत.
मीही नाही.

खूण कर, म्हणाले.
आणि विझव आता.
बॅटऱ्या वेगळ्या घ्याव्या लागल्या ना?