खुर्ची हलत नाही

अंतोफागास्ता. सातवा मजला. खिडकीत समुद्र.
खाण इथून दोनशे किलोमीटर आत, तीन हजार मीटर वर.
ट्रक तिकडे चालतात, चालवणारे इकडे बसतात.
हे मीच जमवून आणलं:
एकशे अठरा माणसं डोंगरावरून खाली उतरवली,
एकाचीही नोकरी न घालवता.
अहवालात हेच वाक्य आहे
आणि ते जवळजवळ खरं आहे.

परवा एलेउतेरिओ कोल्के आला.
सव्वीस वर्षं तीनशे टनांचा ट्रक हाकलेला माणूस,
आता बटणांवर बोटं ठेवतो
तीही तापल्या तव्यावर ठेवल्यासारखी.
टोपी गुडघ्यावर. म्हणाला,
"सेन्योरा हिमेना, खुर्ची हलत नाही."

मला वाटलं स्क्रू गंजला असेल. खारी हवा.

"तसं नाही. ती हलतच नाही.
ट्रक हलायचा. मणक्यातून कळायचं
खाली माती आहे की कातळ,
मागचा भार बसलाय की सरकलाय.
आता डोळ्यांना सगळं दिसतं, अंगाला काही कळत नाही.
रात्री झोप येत नाही.
बायको म्हणते, पलंग हलवू का?"
आम्ही दोघं हसलो.
तो आधी थांबला.

तक्रारीच्या अर्जात चौदा रकाने.
पगार, पाळी, छळ, जेवण, गाडी.
हे एकातही बसेना.
'इतर'मध्ये टाकावं तर यंत्र लगेच उत्तर देतं:
आपलं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे.
ते वाक्य मीच लिहून दिलेलं,
मार्चमधल्या एका दुपारी, सँडविच खाता खाता.

माझ्या आधी या जागेवर आनिबाल इरिबारेन होते.
तेव्हा दारावर पाटी होती 'कामगार कल्याण'.
मग 'मनुष्यबळ'. मग 'मानव संसाधन'.
आता 'माणसं आणि उद्या'.
पाट्या बदलल्या, भिंतीतली भोकं तीच.
त्यांची वही माझ्या खणात आहे.
नाव, रक्तगट, बुटाचा नंबर
आणि शेवटी, कुणाला कळवायचं.
काहींपुढे दोन नावं. दुसरं पेन्सिलीनं.
कोल्केपुढे लिहिलंय: एक्केचाळीस, डावा चावतो.

मी वही ठेवत नाही. माझ्याकडे ठिपके असतात.
सहा महिन्यांत कोण सोडून जाईल
ते यंत्र सांगतं, शंभरात एक्क्याऐंशी वेळा बरोबर.
जाणारे लाल.
कोल्के हिरवागार आहे.
यंत्राला वाटतं, तो सुखात आहे.
जायला दुसरी जागा असावी लागते
हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.
मीही नाही.

गुरुवारी सान्तियागोहून पडद्यावर सहा चेहरे.
पाच वर्षांनी तुमच्या खात्यात किती माणसं लागतील?
प्रश्न सभ्य होता, आवाज मऊ.
माझी खुर्ची हलली.
मणक्यातून कळलं,
खाली कातळ नाही.

आकडा तयार होता. चार, यंत्र धरून.
तो सांगितला.
आणि मग कुणी विचारलं नसताना बोलले,
चौथ्या मजल्यावरच्या चाळीस खुर्च्या
हलत्या करून घ्यायच्या आहेत. खर्च एवढा.
"उत्पादनात किती फरक पडेल?"
"माहीत नाही."
एकोणीस वर्षांत बैठकीत हे दोन शब्द
पहिल्यांदाच तोंडातून निघाले.
कुणीतरी ते टिपून घेतले. टकटक ऐकू आली.

कोल्केला अजून काही सांगितलेलं नाही.
संध्याकाळी त्याच्या शेजारी जाऊन बसले.
बोललो नाही फारसं.
पडद्यावर, तिकडे वर, त्याचा ट्रक चढ चढत होता,
काचेवर धूळ, कॅमेरा केबिनच्या आत वळलेला.
चालकाची जुनी खुर्ची तिथेच आहे,
काढायची राहून गेली.
तिच्यावर कुणी नाही.
ती थरथरतेय.