पेट्रोलचा नळ

किह्नू बेटावर मोटारसायकली बायकाच चालवतात,
साइडकारमध्ये बटाटे, मेंढरू, कधी शेजारीण.
म्हणून नवल कुणालाच वाटलं नाही
मी जाळ्यांच्या खोपीचं दार पहारीनं उचकटलं तेव्हा.
हेल्बे एवढंच म्हणाली, "लीने, आत उंदीर असतील."

होते.
एअर फिल्टरमध्ये त्यांनी संसार थाटला होता
माझ्याच घागऱ्याच्या लोकरीवर,
लाल-पिवळ्या पट्ट्यांचा, लग्नाच्या वर्षी विणलेला.
मी समजत होते, तो कुणालातरी देऊन टाकला.

इंजिनची दातखीळ बसलेली.
रॉकेल आणि गिअर ऑइल, अर्धंअर्धं,
दोन्ही प्लगच्या भोकांतून ओतलं,
आणि नऊ दिवस रोज सकाळी
किकवर नुसता पाय ठेवायचा.
जोर करायचा नाही, विचारायचं फक्त.
दहाव्या दिवशी हलली.
बोटभर.
मी खाली बसले आणि अख्खा काळा पाव खाल्ला.

युरी, पूर्वीचा मच्छीमार संघाचा मेकॅनिक,
आता कानानं अधू, फोनवर ओरडतो:
"पॉइंट कागदानं घास! कानस लावलीस तर बघ!"
गॅप मोजायला माप नव्हतं,
दाढीची चार पाती घेतली एकावर एक,
एल्मारच्या डब्यातली,
अजून धार धरून बसलेली.
कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोलची लाख झालेली,
ती सुईनं खरवडली. सबंध रविवार गेला.

मग टाकी सोडवायला गेले
आणि हात नळावर पडला.
नळ बंद होता.

मार्च सरत आला होता, समुद्रावरचा बर्फ करडा पडलेला.
पलीकडे भावाकडून करवत आणायची होती, एवढंच काम.
"गाडी जड आहे," तो म्हणाला, "बर्फ पेलायचा नाही.
करवतीपायी उराल कशाला बुडवू?"
नळ बंद केला, दार लोटलं,
पायी गेला.

इथे दुःख घागऱ्यावर मोजतात.
आधी निळं-काळं विणायचं, मग वर्षागणिक
एकेक लाल रेघ परत यायला हवी.
चौतीस वर्षांत माझ्या मागावर आली नाही.
कुणी विचारलंच तर म्हणायचे, लाल रंग संपलाय.

खरं तर मी या गाडीवर चिडले होते.
तिची काळजी घेतली त्यानं, तिची.
हे कुणाला बोलले नाही, युरीलाही नाही.
त्याला तसंही ऐकू आलं नसतं.

नळ घट्ट होता. पकड लावली.
मग पकड बाजूला ठेवली
आणि हातानंच फिरवला, तळवा सोलून निघाला तरी.
पेट्रोल उतरतं तेव्हा आवाज होत नाही,
वास येतो.

किक आडवी फिरते हिची, गुडघ्याला शिक्षा.
अकरावी. बारावी. दोन शिव्या आमच्या भाषेत,
तिसरी रशियन; ती हिला बरोबर समजली.
सतराव्या लाथेला खाकरली,
निळा धूर, रानोमाळ कोंबड्या,
आणि मग टप्, टप्टप्, टप्,
लंगडा माणूस फळीवरून चालावा तशी.
डावा सिलिंडर. फक्त डावा.
उजव्यावर हात ठेवून पाहिला, गार.

हेल्बे कुंपणाशी, हात कमरेवर.
"एका पायावर नेणार हिला?"
"बंदरापर्यंत. वारा पाठीचा आहे."
"आणि ब्रेक?"
"वारा पाठीचा आहे म्हटलं ना."

साइडकारमधला पाला उपसून ती बसली,
मांडीवर रिकामी बादली, कशाला कोण जाणे.
घरट्यातली लोकर मी फेकली नव्हती.
खिशात कोंबलेली, लाल,
पेट्रोलनं घाण वास मारणारी.
धुऊन बघेन.
जाईल कदाचित.