फिका गुलाबी

परभणीत पारा त्रेचाळीसवर गेला त्या दुपारी
आमच्या इन्क्युबेटरमध्ये दोन अंश होते.
बाहेर जिंतूर रोडचं डांबर चपलेला चिकटत होतं,
आत सहा बाटल्यांमध्ये
दक्षिण महासागराचं पाणी
आपण कुठं येऊन पडलोय हे न कळता जगत होतं.

मुख्तारमामा त्या खोलीत शिरताना चपला काढतात.
मी कधी सांगितलं नव्हतं.
"लेकरं झोपलेली असतील म्याडम," म्हणाले एकदा,
आणि मग, "यांना खायला काय घालता?"

नायट्रेट, म्हटलं. थोडं लोह.
लोह म्हणजे किती, तर टाचणीच्या टोकावरचा गंज
अख्ख्या हौदाला पुरून उरेल एवढं.
"म्हणजे युरियाच्या भावकीतलं," मामा म्हणाले,
आणि माझी सहा वर्षांची पीएच.डी.
मुकाट्यानं बांधावर जाऊन उभी राहिली.

मोजायची रीत साधी आहे.
पाण्यात रसायन टाकायचं, थांबायचं.
नायट्रेट उरलं असेल तर पाणी गुलाबी होतं,
जितकं उरलं तितकं गडद.
खाल्लं असेल तर फिकं.
रोज सकाळी मी
पंगत उठल्यावर पत्रावळी निरखत जाणारी बाई.

सोमवारी रात्री लाइट गेली.
इन्व्हर्टरनं पहाटेच्या आधीच मान टाकली.
मामांनी कुल्फीच्या कारखान्यातून
सायकलच्या कॅरिअरवर बर्फाची लादी आणली,
गोणपाटात गुंडाळून, अर्धी रस्त्याला देत.
मी पोचले तेव्हा काटा सातवर.

पाच अंश.
परभणीत पाच अंशांना कोण विचारतं?
उन्हातून लिंबाखाली सरकलं तरी एवढा फरक पडतो.

नमुने बाद, असं वहीत लिहायला हवं होतं.
नाही लिहिलं. सातवरच ठेवले, मोजत राहिले.
पहिल्या दिवशी फिका. दुसऱ्या दिवशी आणखी फिका.
ऊब लागल्यावर भूक खवळली होती,
आणि मला, खरं सांगते, जरा बरंच वाटलं.
चौथ्या दिवशी गुलाबी तिथंच थांबला.
नायट्रेट होतं. लोह संपलं होतं.
ताटात भाकरी होती, तोडायला बोटं नव्हती.
सूक्ष्मदर्शकाखाली मोठे डायटम
काचेच्या रिकाम्या डब्यांसारखे,
आणि मधून मधून बारके ठिपके,
थोडक्यात भागवणारे, शाबूत.

बोरीच्या विहिरीत मी पोहायला शिकले,
पाठीला वाळका भोपळा बांधून.
मे महिन्यात वरचं हातभर पाणी कोमट,
खाली सूर मारला की कानशिलं दुखेल असं गार
आणि गाळाचा वास.
विहिरीला दोन मजले होते.
कुणी उडी मारेपर्यंत
ते एकमेकांशी बोलत नसत.

तिकडे बर्फ वितळतो तेव्हा असंच होतं.
गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर सायीसारखं धरतं.
उन्हानं साय आणखी जाड होते.
जेवण खाली, पंगत वर,
आणि वाढपी म्हणजे वारा,
त्याचा हात तळापर्यंत पोचत नाही.
जहाजावर असताना मी हे आलेखात पाहिलं होतं.
कळलं मात्र इथं, घामानं चष्मा घसरताना.

"मग उपाशी राहिले का?" मामांनी विचारलं.
मोठे राहिले. बारके जगले.
"मोठ्यांना खाणारे?"
त्याचं मी मोजत नाही, मामा.

बाटल्या धुवायला काढल्या तेव्हा
एका बाटलीत बिनारंगाचं थोडं पाणी उरलं होतं.
मामा ते खिडकीखालच्या कढीपत्त्याला घालायला निघाले.
"खायला आहे ना यात अजून?"

आहे. पण खारं आहे मामा, झाड जळेल.

ते तसेच उभे राहिले,
पाणी ना मोरीत ओतवत होतं, ना मुळाशी,
आणि बाटली बाहेरून
घामेजत होती.