अकरा फ्रेम

चौथ्या दिवशी भागवत आला नाही.
सकाळी ग्रुपवर एवढंच: घरी दुकान बघायला कोणी नाही,
निघालोय औशाला, पाटी सौमित्रच्या रूमवर ठेवलीय.
आम्ही अंगठे दाखवले, एकाने फूल पाठवलं
आणि तांबट आळीत शूटिंगला गेलो.

पाटी रूमवरच राहिली.
टाळी द्यायचं काम कोणाचं, ते वहीत कुठेच नव्हतं.
पहिले तीन दिवस ते आपोआप होत होतं,
म्हणजे भागवत करत होता.

आता रात्रीचा दीड. एरंडवण्यातली तळघराची खोली,
एकच पंखा, तोही कॉम्प्युटरच्या पाठीला लावलेला.
भाड्याच्या कॅमेऱ्याचा माईक मुका निघाला.
चित्र एकीकडे, तन्वीरच्या रेकॉर्डरमधला आवाज दुसरीकडे,
मधे मी.

पडद्यावर करडेकाका हंडा मठारतायत.
ठक् ठक् ठक् ठक्.
साठ वर्षांचा सराव, एक ठोका दुसऱ्यासारखा,
दोन ठोक्यांत अकरा फ्रेम,
कधी बारा, बहुतेक अकराच.
कुठलाही आवाज कुठल्याही हातोडीवर बसतो.
बसतो, आणि खोटा असतो.
सौमित्र म्हणतो, जुळलंय की, पुढे चल.
ज्योत्स्ना म्हणते, नाही, बघ,
हंड्याच्या गळ्यावर बारीक वाजायला हवं,
इथे पोटावरचा जाड येतोय.
तन्वीर हेडफोन काढून भिंतीकडे बघत बसतो.

सरांनी सांगितलं होतं:
एका फ्रेमची चूक डोळ्याला कळत नाही, माणसाला कळते.
मी ते उतरवून घेतलं होतं,
खाली दोन रेघा मारल्या होत्या.
कळलं काहीच नव्हतं.

सरकव. अकरा मागे.
सरकव. अकरा पुढे.
नळस्टॉपला चहा असेल का अजून, कोणीतरी विचारतं.
कोणी उठत नाही.

या आठवड्यात आम्ही भांडलो
नावांच्या क्रमावरून,
ज्योत्स्नाच्या धुराच्या शॉटवरून, जो मी काढला
(सुंदर होता. म्हणूनच.),
हार्डडिस्क कोणाच्या सॅकमध्ये राहणार यावरून,
अडीचशे रुपयांवरून.
भागवतवरून नाही.
तो मधेच गेला म्हणून कोणी चिडलंसुद्धा नाही,
याची आता जरा लाज वाटते.

सतराव्या मिनिटाला काकांची हातोडी वर जाते
आणि खाली येत नाही.
तशीच हवेत.
मान वळते, आम्ही उभे होतो तिकडे. ओठ हलतात.
मी आवाजात ती जागा शोधते.
सापडते. ठोक्यांच्या रांगेत पडलेला एक दात,
आणि तिथे, लांबच्या रिक्षाच्या हॉर्नखाली, काका:
"तो टाळीवाला पोरगा नाही का आला आज?"

ओठांवर शब्द ठेवले.
तिथून मागे सतरा मिनिटं, पुढे नऊ,
सगळा हंडा जागेवर आला.
गळ्याला बारीक, पोटाला जाड.
तन्वीरने हेडफोन परत घातला.
पुढे सौमित्रचा आवाज आहे,
"गावी गेलाय काका, तुम्ही चालू ठेवा."
आणि ठक्.

मग मी ते कापलं.
कापावंच लागतं, आमच्या फिल्ममध्ये
काका कोणाला काही विचारत नाहीत.
ज्यावर सगळं जुळतं ते आधी काढून टाकायचं,
टाळीचं तरी दुसरं काय होतं.

पहिल्या तीन दिवसांच्या क्लिपा डिस्कवर आहेत.
प्रत्येकीच्या तोंडाशी भागवतचे हात, नखांत खडू,
शॉट नऊ, टेक चार,
आणि टाळीच्या आधी पापण्या घट्ट मिटणं,
आपल्याच आवाजाला दचकल्यासारखं.
एकशे बारा वेळा.

एक्सपोर्ट चौतीस टक्के.
मी औशाला फोन लावत नाही, तीन वाजलेत,
हे कारण आहे की सबब, माहीत नाही.
शेवटच्या पाटीवर त्याच्या नावापुढे काय लिहायचं
ती जागा सौमित्रने कोरी ठेवलीय.