मुंगी चावेल, एवढंच

सकाळी सहाला मी उपाशी पोटांच्या गावात फिरते.
ॲक्टिवावर पायांशी बर्फाचा डबा,
डब्यात रिकाम्या नळ्या, जांभळ्या टोपीच्या, लाल टोपीच्या,
आणि तोंडात एकच वाक्य
दारागणिक बदलून घ्यायचं.

दांडिया बाजारात: मुंगी चावेल, एवढंच.
रावपुऱ्यात: कीडी चटके, बस, एटलुंज.
मुंगी तीच. भिंत ओलांडली की कीडी होते.

पावतीपुस्तकाच्या मागच्या पानांवर
मी भाषा जमवते. व्याकरण नाही,
फक्त दुखण्यापुरती.

साताऱ्याहून लग्न होऊन बडोद्याला आले,
त्याच आठवड्यात कोकिळाबेननी जिन्यात विचारलं,
"नवरां छो?"
मी लाजून म्हटलं, "ते कामावर गेलेत."
इथे नवरा म्हणजे रिकामा, हाताला काम नसलेला,
हे कळल्यावर ह्यांच्याकडे बघून
तीन दिवस हसत होते.

आता बहिणीला फोनवर माझी मराठी खटकते.
"फावत नाही काय गं? जमत नाही म्हण."
पण जमणं हातापायांचं, फावणं जिवाचं.
शिवाय इथे जमणं म्हणजे जेवणं,
ते तिला कुठून सांगत बसू?

मकरपुऱ्याच्या कॉलनीत पाच वर्षांचा अश्विन
आईच्या कुशीत तोंड खुपसून विचारतो,
"वेदनिक्कुमो?"
वेदना! आमच्याकडे हा शब्द
शोकसभेत निघतो, नाहीतर बामच्या जाहिरातीत.
हा पोरगा दात घासायच्या आधी वापरतो.
"वेदनिक्किल्ला," मी म्हणते. अजिबात नाही दुखणार.
एखाद्या भाषेत खोटं बोलता आलं
की ती आली समजावं.

मागच्या महिन्यात लॅबमध्ये माझंच रक्त काढायचं होतं.
नवा मुलगा, ध्रुमिल, मराठीचा सराव करत म्हणाला,
"मावशी, मुंगी चावेल."
सुई आत गेली आणि माझ्या तोंडून निघालं,
ओय मा.
आई गं नाही.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
मी कापूस दाबून गरजेपेक्षा जास्त वेळ बसले.
घरी अजून सांगितलेलं नाही.

वारसियात रुकीबाई तोलाणी. वय अठ्ठ्याऐंशी.
शिरा अशा लपतात की दोन्ही हात धुंडाळावे लागतात.
पहिल्या दिवशी दंड पुढे करून म्हणाल्या,
"बांह में सूर आहे."
सूर कळला. आहे कळलं.
वाक्य आमच्याच घरातलं वाटलं,
राहणारी माणसं वेगळी.
सूर म्हणजे कळ. ठणका.
परतताना सुरसागरच्या कठड्याशी गाडी थांबवली
आणि इतक्या वर्षांच्या ओळखीच्या पाण्याकडे
जरा जपून पाहिलं.

परवा त्यांनी उलट विचारलं,
तुमच्यात सूरला काय म्हणतात?
म्हटलं, दुखणं. हात दुखतो.
"न, न." त्यांनी मान हलवली.
"दुख बियो आहे."
दुख दुसरंच असतं.
मग खिडकीकडे बघत एका गावाचं नाव घेतलं,
शिकारपूर,
आणि दंड तसाच पुढे धरून बसल्या.
मी नळीवर नाव लिहिलं, वेळ लिहिली.
वहीत दुख लिहिलं. पुढे काय लिहायचं, सुचलं नाही.

दारात म्हटलं, "येते."
आमच्यात जाणारी बाई असं म्हणते.
आतून त्यांनी सिंधी हेल काढून
गुजरातीत सांगितलं, "आवजो."

साडेसात झाले. बर्फ विरघळतोय.
पुढच्या सोसायटीत नेपाळी वॉचमन नवा आलाय,
बायकोची शुगर बघायची आहे.
मुंगीला त्यांच्यात काय म्हणतात,
आधी तेवढं विचारून घेते.