सावळघाट, तिसरं वळण

कडलग मामा सुतळी वापरत नाहीत.
द्राक्षमांडवाची तार ताणतात,
पिंपळगावच्या मेव्हण्याकडून आणलेली, तसूभरही न लोंबणारी.
गाडीच्या दोन्ही कुशींना समांतर,
जणू उद्या इथे वेल चढवायचा आहे.

सातपूरच्या शेडमध्ये पहाटेचे साडेचार.
पत्र्याला थंडीचा घाम.
मी गुडघ्यांवर, हातात स्टीलची पट्टी,
तारेपासून रिमपर्यंतचं अंतर मोठ्याने वाचते:
पुढची कड एकशे बेचाळीस,
मागची एकशे त्रेचाळीस.
"म्हणजे बाहेर बघतंय चाक, एक मिलीमीटर."
"बघू दे," मामा म्हणतात, "वळणाची थोडी ओढ असावी."

चूक माझी होती.
मीच मागितल्या होत्या कडक स्प्रिंगा,
कडक म्हणजे वेगवान असं वाटायचं मला,
दात आवळले की काम लवकर होतं, तसं.
काल घाटाच्या जुन्या, सोडून दिलेल्या रस्त्यावर
तिसऱ्या वळणाला स्टिअरिंग पूर्ण वळवलं
आणि एस्टीम सरळ निघाली,
आपल्याच विचारात,
ज्या बाजूला कठडा नाही त्या बाजूला.
थांबली. खडीवर, वीतभर आधी.

मामा खाली मैलाच्या दगडावर बसून ऐकत होते.
ते बघत नाहीत, ऐकतात.
"पुढचा ओरडला. मागचा झोपलेला होता."
मग तळहात टायरवर ठेवला, आतून बाहेर सरकवला,
ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा,
आणि बाहेरच्या काठाशी चटकन उचलला.
टायरच्या बाजूला मी ओढलेल्या खडूच्या रेघा
अर्ध्याहून जास्त पुसल्या गेल्या होत्या.
"करंगळीवर उभी आहे तुझी गाडी.
तळवा टेकलेलाच नाही."

म्हणून आता चाकांची डोकी आत झुकवतोय, दीड अंश.
पुढचा बार एक भोक मऊ,
मागचा एक भोक कडक.
मला पटत नाही. पुढे पकड हवी, तर पुढचं सैल का?
मामा पाना पुसतात, उत्तर देत नाहीत,
मग बऱ्याच वेळाने,
"एकाच चाकावर सगळा भार टाकलास तर ते रुसणारच.
दुसऱ्यालाही काम दे."

शेवटी डॅम्परची घुंडी.
टक्. टक्. टक्.
दाबलं की दबायचं, हे सोपं.
परत किती हळू यायचं, तिथे सगळी मेख:
घाई केली तर उडी,
फार उशीर केला तर पुढचा खड्डा येतो
आणि चाक अजून मागच्याच खड्ड्यात.
"बावीस वर्षं अंबडला स्प्रिंगा दाबल्या," मामा म्हणतात.
"दाबायची, सोडायची, मोजायची.
पूर्ण परत न येणारीला लाल पट्टा.
शेवटी मलाच लावला."
आणि घुंडी आणखी एक टक्.
मी वहीत सात लिहिते. दुसरं काही लिहीत नाही.

सव्वासातला पेठ रस्त्याला उन्हं,
गिरणाऱ्याकडून टोमॅटोचे क्रेट भरलेल्या पिकअप.
आम्ही जुन्या रस्त्याला वळलो.

पहिलं. दुसरं.
तिसऱ्याला मी पाय उचलला, हात वळवले,
आणि नाक वळलं.
बोलावलेलं असावं तसं, लगेच, आत.
मागचं आतलं चाक हवेत,
खांब दिसलेल्या कुत्र्यासारखं,
क्षणभर, निर्लज्ज,
आणि पुन्हा खाली.
मी हसले, एकटीच, हेल्मेटमध्ये.

त्या हसण्यातच चौथं वळण आलं.
सवयीने ब्रेक दाबला, लवकर, जोरात,
कालच्या गाडीसाठी,
जी आता नव्हतीच.

खाली आले तेव्हा मामा घड्याळाकडे बघत नव्हते.
टायरवर तळहात. आतून बाहेर. सावकाश.
या वेळी हात कुठेच उचलला नाही.
खडूच्या रेघा खांद्यापाशी पुसलेल्या, तिथेच थांबलेल्या.

"गाडी झाली," ते म्हणाले.
"चौथ्याला कशाला घाबरलीस?"